चार लाख की नऊ लाख, ते आधी कळू द्या

खारघरच्या एका गाडीवाल्याचा प्रश्न थोडक्यात असा. मित्सुबिशी लान्सर इव्हो टेन, नोव्हेंबर २०११ ची नोंदणी, पासिंग एमएच ०४, हे दुसरे मालक. मोठा इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा), टर्बोपासून मागेपर्यंत बदललेला एक्झॉस्ट, ईसीयूचा रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची बदललेली सेटिंग), कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकॲब). दोन महिन्यांपासून स्टार्ट केल्यावर टकटक येते, धूर निळसर, आणि हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल लागतं. एका गॅरेजने इंजिनकामाचे चार लाख सांगितले, दुसऱ्याने नऊ. डीलरने सांगितलेला भाव ऐकून हे चहा न पिताच उठले. घरचे म्हणतात तशीच काढून टाक, मित्र म्हणतात इंजिन करून विक, आणि सोसायटीचे सेक्रेटरी पार्किंगमधल्या तेलाच्या डागाचे फोटो ग्रुपवर टाकतात. रजिस्ट्रेशन संपायला सहा महिने उरलेत. तर करावं काय?

वागळे इस्टेटमध्ये माझं गॅरेज आहे. बावीस वर्षं इंजिनं खोलतोय, त्यातली निम्म्याहून जास्त जपानी. अशा गाड्यांचे विक्रीचे व्यवहार मी घेणाऱ्याच्या बाजूनेही पाहिलेत आणि विकणाऱ्याच्याही. त्यामुळे पहिल्यांदा एक स्पष्ट बोलतो. तुमच्याकडे 'इंजिन गेलेली गाडी' आहे असं अजून कुणीही सिद्ध केलेलं नाही. चार आणि नऊ यांत पाच लाखांचा फरक आहे. एकाच दुखण्याचे दोन अंदाज इतके लांब जात नाहीत. दोघांनीही आवाज ऐकला, धूर पाहिला आणि आपापल्या स्वभावाप्रमाणे आकडा सांगितला. एकाने रिंग-बेअरिंग आणि गॅस्केट किट धरलं असेल, दुसऱ्याने क्रँक, फोर्ज्ड पिस्टन, टर्बो सगळं धरलं असेल. मोजलं कुणीच नाही.

आणि जे तुम्हाला माहीत नाही, त्याचे पैसे गाडी विकत घेणारा तुमच्याकडूनच कापतो. माझा सल्ला सगळा याच्याभोवती आहे, त्यामुळे जरा विस्ताराने लिहितो.

आधी धूर कधी येतो ते बघा. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी स्टार्ट केल्यावर एक भपका येऊन थांबतो का? मग व्हॉल्व्ह सीलचा संशय. रात्रीतून तेल थेंबाथेंबाने खाली उतरतं आणि पहिल्या मिनिटात जळून जातं. ऐरोलीच्या सिग्नलच्या रांगेत गाडी पाच मिनिटं गुरगुरत उभी राहिली आणि निघताना मागचा रिक्षावाला धुरात दिसेनासा झाला, तर टर्बोचा सील किंवा पुन्हा व्हॉल्व्ह सील. गायमुखच्या चढाला बूस्टवर, म्हणजे टर्बो जोरात हवा दाबत असताना, सतत धूर येत असेल, तर मात्र रिंग आणि पिस्टनकडे बोट जातं. क्रँककेसमधली वाफ बाहेर काढणारा छोटासा पीसीव्ही व्हॉल्व्ह अडकला तरी इंजिन तेल पितं, आणि तो तर किरकोळ पार्ट आहे. निळा धूर म्हणजे इंजिन संपलं, असं समीकरण नाही. माझ्याकडे 'इंजिन करा' म्हणून आलेल्या टर्बो गाड्यांपैकी बऱ्याच टर्बो बदलून परत गेल्या आहेत.

मग आवाज. इव्हो टेनच्या फोर-बी-इलेव्हन इंजिनात टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. आधीच्या इव्होंमध्ये बेल्ट होता. ही चेन ताणून सैल पडते, हे या इंजिनाचं माहितीतलं दुखणं आहे. थंड इंजिनावर दोन-चार सेकंद पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखी खडखड होऊन थांबत असेल, तर चेन आणि तिला घट्ट धरणारा टेन्शनर बघायला हवा. काम सोपं नाही, पण त्यासाठी क्रँक बाहेर काढावा लागत नाही. याउलट इंजिन गरम झाल्यावर, ॲक्सिलरेटर हलका देऊन सोडताना पोटातून जड 'ठक ठक' येत असेल, तर ते रॉडचं बेअरिंग. खात्री करायची तर एकेका सिलिंडरचा इंजेक्टर बंद करून ऐकायचं. ज्याचा बंद केल्यावर आवाज मरतो, तिथे दुखणं.

हे बेअरिंगचं लक्षण असेल तर आजपासून गाडी चालवणं बंद. 'घेणाऱ्याला एक चक्कर मारून दाखवू' हेसुद्धा नको. बेअरिंग गेलेला रॉड तुटला की ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो. मग दुरुस्त होण्यासारखं इंजिन भंगारात जातं आणि या गाडीला बदली ब्लॉक कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर रांगेत मांडून ठेवलेले नसतात.

तपासणीत पहिल्यांदा माझ्याकडे ऑइल फिल्टर कापला जातो. मागच्या पावसाळ्यात असाच एक गाडीवाला आला होता. त्याच्यासमोर फिल्टरचा डबा कटरने गोल कापला, आतला कागद उलगडून ट्रेमध्ये पसरला आणि ट्यूबलाइटखाली धरला. कागदाच्या घड्यांमध्ये साडीवरच्या जरीसारखी चमकी बसली होती. खिशातलं लोहचुंबक खालून फिरवलं, चमकी हलली नाही. चुंबकाला चिकटली असती तर लोखंड-पोलादाचं काहीतरी झिजत होतं असं म्हणता आलं असतं. बेअरिंगचा मऊ धातू चुंबकाला दाद देत नाही. त्याला पुढे काही समजवावं लागलं नाही. फिल्टर कापायला पाच मिनिटं लागतात आणि हा पुरावा फोटोत दिसतो.

दुसरी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते मोजणं. ही नीट करणारे कमी आहेत, म्हणून कशी व्हायला हवी ते लिहितो. इंजिन गरम हवं. चारही प्लग काढलेले, इंधन आणि इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी दमदार. प्रत्येक सिलिंडरला सारखे, पाच-सहा फेरे. आकडा नुसता मोठा असून उपयोग नाही, चौघांत मेळ हवा. एखादा बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांहून खाली असेल, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजायचं. आकडा वर आला तर रिंगा, हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. त्याच्यापुढे लीक-डाउन टेस्ट. सिलिंडरमध्ये हवा भरायची आणि ती कुठून पळते ते कान लावून ऐकायचं. ऑइल भरायच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कूलंटमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. शेवटी प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा घालून पिस्टनचा माथा आणि सिलिंडरची भिंत बघायची. ऑइलचा दाब मेकॅनिकल गेजवर, थंड आणि गरम, दोन्ही वेळा.

यात एक दिवस जातो आणि काही हजार रुपये. ज्या गॅरेजला पुढे इंजिनकाम मिळायची आशा आहे, त्याच्याकडे हे करू नका. तिसऱ्याकडे करा, आधीच सांगून की काम इथे करणार नाही, फक्त सहीशिक्क्याचा रिपोर्ट हवा.

आता पैशाचं गणित. बाजारभाव महिन्याला बदलतो आणि अशा गाडीचे व्यवहार इतके थोडे होतात की भाव म्हणण्यासारखं काही नसतंच, म्हणून रुपये सांगत नाही. तशीच गाडी ठणठणीत असती तर १०० ला गेली असती असं धरू आणि इंजिनकाम २५ चं. कागदावर गाडी ७५ ची झाली. पण घेणारा ७५ देत नाही. तो म्हणतो, इंजिन खोलल्यावर अजून काय निघेल कुणास ठाऊक, आणि धास्तीचे वीसेक आणखी कापतो. हाती उरतात ५५. डीलर तर ४० म्हणेल, कारण त्याला ती नंतर विकायची आहे. तुम्हाला जो आकडा ऐकू आला तो बहुतेक असाच आला.

इंजिन करून विकलंत तर? २५ चा अंदाज असलेलं काम ३० च्या खाली संपलेलं मी क्वचितच पाहिलंय. मित्सुबिशी इथे नव्या गाड्या विकत नाही, पार्ट दुबईहून किंवा जपानहून मागवावे लागतात, आणि एखादी रिंग चुकीच्या मापाची आली की दोन महिने गाडी लिफ्टवर. त्यानंतरही घेणारा १०० देत नाही. विकायच्या तोंडावर केलेल्या इंजिनावर कुणाचा विश्वास नसतो. मी हे स्वतःच्या पैशाने शिकलोय. माझी जुनी होंडा सिटी व्हीटेक होती, तिचं इंजिन जीव ओतून केलं, प्रत्येक बिल फाइलला लावलं आणि विकायला काढली. बघायला आलेल्या पहिल्याच माणसाने विचारलं, 'एवढं चांगलं केलंय तर विकताय कशाला?' उत्तर खरं होतं, घरात जुळी मुलं झाली होती. पण त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की गाडी त्याच्या मनातून उतरली. तेव्हा ९० धरा. त्यातून ३० गेले, ६० राहिले, आणि चार महिन्यांची डोकेदुखी वेगळी.

रिपोर्ट हातात असेल तर धास्तीचे २० घसरून आठ-दहावर येतात. म्हणजे तुम्हाला ६५ च्या आसपास मिळतात, इंजिनाला हात न लावता. हे माझ्या अनुभवाचे ढोबळ आकडे आहेत, तुमच्या गाडीत चार-पाच इकडेतिकडे होतील. पण क्रम सहसा बदलत नाही.

बदलतो तो दोन-तीन वेळा. दुखणं टर्बो, व्हॉल्व्ह सील किंवा पीसीव्हीचं निघालं, तर दुरुस्त करून विका, कारण तिथे खर्च थोडा आणि धूर थांबल्याचा परिणाम मोठा. चेन निघाली तर अंदाज घेऊन ठरवा. मी बहुधा करून घेईन. किंवा तुम्हाला गाडी अजून वर्षभर वापरायची असेल, इंजिन बसवून पाच-सात हजार किलोमीटर चालवून मग विकायची असेल, तर इंजिनकामाला अर्थ आहे. तेव्हा त्या इंजिनाची साक्ष बिलाऐवजी मीटर देतो.

एक चूक मात्र कुठल्याही परिस्थितीत करू नका. 'खोलून तर बघू' म्हणून इंजिन खोलायचं आणि खर्च ऐकून तसंच ठेवायचं. रबाळ्याला एका शेडच्या जिन्याखाली मी एका सुंदर जपानी कूपेचं इंजिन तीन पोत्यांत पाहिलंय. एका पोत्यात हेड, एकात पिस्टन-रॉड, तिसऱ्यात नटबोल्ट, आणि कुठला बोल्ट कुठला हे सांगणारा मिस्तरी गावी गेलेला. गाडी शेडबाहेर धूळ खात उभी. पोत्यातल्या इंजिनाला भंगाराच्या वरचा भाव नसतो. आजारी का होईना, जुळलेलं आणि सुरू होणारं इंजिन घेणारा कान लावून ऐकू शकतो. फार तर चेंबर (इंजिनाखालची तेलाची टाकी) उतरवून एखाद-दुसरं बेअरिंग बघा आणि पुन्हा बंद करा. त्याच्या पुढे जायचं असेल तर काम पूर्ण करायच्या तयारीनेच जा.

जाड ऑइल टाकून आवाज दाबायचा सल्लाही तुम्हाला कुणीतरी देईलच. इव्हो बघायला येणारा माणूस इंजिन गरम होईपर्यंत उभा राहतो. दाबलेला आवाज दहाव्या मिनिटाला परत येतो आणि मग तुमच्या खऱ्या बोलण्यावरही तो विश्वास ठेवत नाही.

आता मॉडिफिकेशनकडे येऊ. तुम्ही खर्चाची यादी पाठवली आहे, इंटरकूलर इतक्याचा, कॉइलओव्हर तितक्याचे. वाईट वाटून घेऊ नका, पण त्यातलं फारसं परत येत नाही. मला त्या यादीपेक्षा दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. काढलेलं मूळ सामान कुठे आहे? कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसह मूळ एक्झॉस्ट, मूळ स्प्रिंग-शॉकॲब, मूळ इंटरकूलर आणि ईसीयूची मूळ फाइल. हे माळ्यावर, गावच्या घरी, आधीच्या मालकाकडे, जिथे असेल तिथून गोळा करा. आधीच्या मालकाला फोन करायला लाजू नका.

कारण असं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळी होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाने केलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. रस्त्यावर हे दरवेळी लागू होत नाही हे तुम्हालाही माहीत आहे, मलाही. पण तुमची गाडी लवकरच आरटीओच्या इन्स्पेक्टरसमोर उभी राहणार आहे.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. नोव्हेंबर २०११ ची गाडी म्हणजे नोव्हेंबर २०२६ ला मुदत संपते. पुढच्या पाच वर्षांसाठी नूतनीकरण करताना फॉर्म २५ भरायचा, गाडी तपासणीला न्यायची, पर्यावरण कर भरायचा. अर्ज मुदत संपायच्या आधी जास्तीत जास्त ६० दिवस करता येतो, म्हणजे आज तुम्ही तो करू शकत नाही. साध्या मोटारीची नूतनीकरणाची फी ५,००० रुपये आहे, पण आयात केलेल्या चारचाकीला ती ४०,००० आहे. तुमची गाडी पूर्ण बांधलेली बाहेरून आलेली, तेव्हा आरसीवर आणि 'परिवहन' पोर्टलच्या नोंदीत ती 'इम्पोर्टेड' दिसते का ते आजच बघा. मुदत उलटली की दर महिन्याला ५०० रुपये विलंबाचे. आणि संपलेल्या नोंदणीची गाडी नावावर करून घ्यायला कुणी सहज तयार होत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, तुमच्याकडे जे काही महिने आहेत ते खरे पैसे आहेत, त्यातला एक महिना 'मन तयार होत नाही' म्हणून घालवू नका. दुसरी, घेणाऱ्याला लवकरच ही गाडी मूळ स्वरूपात आणि चालत्या इंजिनासह तपासणीला न्यावी लागणार आहे. मूळ एक्झॉस्टचा खोका त्याच्यासाठी तुमच्या ब्रँडेड सायलेन्सरपेक्षा मोलाचा आहे. जाहिरातीत त्याचा फोटो टाका, खरंच टाका. मॉडिफाय सामान गाडीसोबत द्यायचं की वेगळं विकायचं हे ग्राहकावर आहे. मी सहसा गाडीवर आहे ते गाडीसोबत आणि मूळ सामान खोक्यात, असा एकच सौदा करायला सांगतो. सुटं विकायला गेलं की कॉइलओव्हरचा प्रत्येक गिऱ्हाईक रविवारी सकाळी येऊन तासभर बसतो.

रिमॅप कुणी केला, कधी केला, किती बूस्टवर केला हे लिहून ठेवा. आपल्याकडचं साधं पेट्रोल आत्ताआत्तापर्यंत ९१ ऑक्टेनचं होतं, त्यावर बूस्ट चढवला की नॉक (पेट्रोल आपोआप पेटून बसणारे ठोके) आणि नॉकमुळे पिस्टनच्या रिंगांमधली पट्टी तुटणं हे टर्बो गाड्यांत नेहमीचं. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉल. जुना मॅप जुन्या पेट्रोलवर बसवलेला असेल तर मिश्रणाचं प्रमाण सरकतं. तुमच्या इंजिनाचं दुखणं यातूनच आलं असं मी म्हणत नाही, ते तपासणीशिवाय कळणार नाही. पण जाणता ग्राहक हे विचारेल, आणि 'मॅप मूळ फाइलवर परत आणलाय' हे उत्तर ऐकून त्याला बरं वाटेल. गाडी तोवर हलवावी लागली तरी कमी बूस्टवर हलेल.

इंजिनाच्या गडबडीत इव्होचं आणखी एक दुखणं राहून जातं. मागच्या चाकांमध्ये ताकद वाटणाऱ्या यंत्रणेचा पंप खाली, मागच्या चाकाजवळ बसवलेला असतो. चिखलपाणी थेट अंगावर. आपल्याकडचे चौदा पावसाळे आणि खाडीची हवा खाऊन तो गंजतो. डॅशबोर्डवर त्याचा दिवा पेटतो का ते बघा. पेटत असेल तर तेही सांगून टाका.

बाकीचे कागद पटकन उरकतो. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लावून बोजा उतरवून घ्या. प्रलंबित ई-चलन भरून टाका, आवाज करणाऱ्या सायलेन्सरची तर असणारच. एचएसआरपी प्लेट नसेल तर बसवा, नाहीतर ट्रान्सफर अडकते. इंजिन नंबर आरसीशी जुळवून बघा. आधीच्या मालकाने इंजिन बदललं असेल आणि नोंद केली नसेल, तर ते आज तुम्हाला कळलेलं बरं. इन्शुरन्सचा नो क्लेम बोनस तुमचा आहे, गाडीचा नाही. कंपनीकडून त्याचं प्रमाणपत्र घ्या, तीन वर्षांच्या आत पुढच्या गाडीला वापरता येतं.

सह्या केलेले कोरे फॉर्म देऊन गाडी सोडू नका. नावबदलीचे फॉर्म २९ आणि ३० भरून, ऑनलाइन अर्ज टाकून, पोचपावती घेऊनच चावी द्या. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलंय. तुमची गाडी घेणारा ती पाम बीच रोडवर रात्री दोनला कशी चालवेल याचा विचार करा आणि मग ठरवा, किती दिवस ती तुमच्या नावावर राहू द्यायची. डीलरला दिलीत तर तो आरटीओकडे नोंदलेला अधिकृत डीलर आहे का ते विचारा. एप्रिल २०२३ पासून अशा डीलरकडे फॉर्म २९-सी ने गाडी सुपूर्द केल्याची नोंद होते आणि पुढची जबाबदारी त्याच्याकडे जाते.

पैसे बँकेतून घ्या. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारली तर तेवढाच दंड तुमच्यावर बसू शकतो, देणाऱ्यावर नाही. ५०० च्या स्टॅम्पपेपरवर करार करा आणि त्यात तपासणी रिपोर्टची तारीख घालून लिहा की इंजिनाची ही अवस्था घेणाऱ्याला दाखवलेली आहे. हा कागद तुमच्या रात्रीच्या झोपेसाठी आहे.

गाडी घेणार कोण? पहिला, ज्याचं स्वतःचं गॅरेज आहे किंवा ज्याच्याकडे आधीच एक इव्हो आहे. तो मजुरी मोजत नाही, पार्टही त्याच्याकडे पडलेले असतात. सगळ्यात चांगला भाव हा देतो आणि सगळ्यात कमी बोलतो. तो ठाण्यातच मिळेल असं नाही, बहुधा पुणे, बेंगळुरू, कोची, हैदराबादकडून फोन येईल. बाहेरच्या राज्यात जाणार असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागते, तो वेळ धरा. दिल्लीकडच्या फोनवर फार जीव टांगू नका, तिथे पंधरा वर्षं झालेल्या पेट्रोल गाड्यांवरच्या बंदीचे नियम बदलत राहिलेत, आधी खात्री करून घ्या. दुसरा, ज्याने लहानपणापासून भिंतीवर या गाडीचं पोस्टर लावलंय आणि खात्यात गाडीपुरतेच पैसे आहेत, इंजिनापुरते नाहीत. हा सगळ्यात जास्त वेळा येतो. त्याला मी स्वतः सांगतो की बाबा, इंजिनाचे पैसे वेगळे असतील तरच घे. दोन विक्र्या गेल्या असतील माझ्या अशा, पण त्यातला एक पोरगा अजून गणपतीत मोदक घेऊन येतो.

तिसरा सापडेल तो 'फक्त कागद आणि चेसिस द्या' म्हणणारा. त्याला दारातूनच परत पाठवा. तुमच्या आरसीवर आणि चेसिस नंबरवर दुसरीच गाडी फिरायला लागली तर पोलीस पहिल्यांदा खारघरलाच येतील. सुटे भाग करून विकायचा विचार असेल तर सांगाडा नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या, डिपॉझिट सर्टिफिकेट घ्या आणि नोंदणी रद्द करून घ्या. हिशेबाने सुटे भाग कधीकधी जास्त देतात. पण वर्ष जातं, आणि ते वर्ष तुमच्या पार्किंगमध्ये जातं.

जाहिरात लिहिताना दोष वर लिहा, मॉडिफिकेशनची यादी खाली. 'किरकोळ काम आहे' हे शब्द वापरू नका, ते वाचून जाणता माणूस पुढची जाहिरात बघतो. 'तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी, रिपोर्ट सोबत, गाडी चालवायला देणार नाही, फ्लॅटबेडवर न्यावी लागेल' असं लिहिलंत तर फोन कमी येतील आणि कामाचे येतील. रात्रभर थंड झालेल्या गाडीच्या स्टार्टचा न कापलेला व्हिडिओ टाका. आधी बॉनेटवर हात ठेवून गार आहे हे दाखवा, मग मीटर, मग स्टार्ट, मग मागे जाऊन धूर. बेअरिंग वाजत असेल तर व्हिडिओ एकदाच काढा आणि तोच सगळ्यांना पाठवा.

म्हणजे तुमचा क्रम असा होईल. या आठवड्यात तिसऱ्या गॅरेजमध्ये तपासणी. दुखणं छोटं निघालं तर दुरुस्ती, मोठं निघालं तर इंजिन बंद ठेवून रिपोर्टसह जाहिरात. तोवर मूळ सामान गोळा करणं आणि चलन-बोजा-प्लेट मार्गी लावणं. सप्टेंबरपर्यंत सौदा झाला नाही तर नूतनीकरण तुम्हालाच करावं लागेल, त्याचा खर्च आणि गाडी तपासणीला नेण्याची खटपट धरून भाव पुन्हा ठरवा.

सेक्रेटरींसाठी उपाय सोपा आहे. बेकरीतला जुना पत्र्याचा ट्रे मिळतो, तो गाडीखाली सरकवा आणि त्यात लाकडाचा भुसा पसरा. डाग किती आणि नेमका कुठल्या बाजूला पडतो ते भुशावर रोज सकाळी दिसेल. त्याचा फोटो मलाही पाठवा, टर्बोच्या बाजूला पडत असेल तर कदाचित तुमचं काम चार लाखांच्याही आत होईल.